तब्येत नाजूक अन् साथ चालू: औषधं, किराणा, दळण, बँक ही कामं कशी भागवायची

घरात कोणाची किडनी बदललेली असेल, डायलिसिस किंवा केमो चालू असेल, दम्याचा-सीओपीडीचा (फुप्फुसाचा जुनाट आजार) जुना पेशंट असेल, शुगर हाताबाहेर असेल किंवा संधिवातासाठी रोज स्टेरॉइड चालू असेल, अशा घरांसाठी हे लिहायलोय. साथ आली की "काळजी घ्या, बाहेर पडू नका" असं सगळेच सांगतात, पण डब्यातलं पीठ संपलं, मेडिकलवाला म्हणाला की गोळी उद्या येईल, बँकेतून केवायसीचा मेसेज आला, तेव्हा नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही.

मी लातूरला राहतो. माझं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे, रोज टॅक्रोलिमस अन् मायकोफेनोलेट घ्यावं लागतं, म्हणजे प्रतिकारशक्ती औषधानं मुद्दाम खाली ठेवलेली असते. आमच्यासारख्यांना लसही इतरांएवढी लागू पडत नाही (तरी डॉक्टर सांगतील तेवढे डोस घ्यायचेच, थोडं संरक्षण तरी मिळतं). त्यामुळं जो काही बचाव करायचा तो बराचसा रोजच्या वागण्यातूनच करावा लागतो. खाली जे आहे ते कोविडच्या अनुभवावरून आहे, पण फ्लू किंवा श्वासातून पसरणारी दुसरी कुठलीही साथ आली तरी बहुतेक सगळं तसंच लागू होतं.

आधी धोका कुठं आहे ते ओळखा

२०२० मध्ये लोकांनी दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या, नोटांना इस्त्री केली, भाजीवर सॅनिटायझर मारलं. पुढं कळलं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो, पाकिटाला हात लावून होण्याची शक्यता फारच कमी. म्हणून सामान घरात आलं की ते जागेवर लावायचं, हात साबणानं वीस सेकंद धुवायचे, भाजी साध्या वाहत्या पाण्यानं धुवायची, झालं. भाजीला साबण, डेटॉल, फरशीचं औषध अजिबात लावू नका, ते पोटात जातं. तुमची ताकद पुसण्यात घालवू नका, ती हवेसाठी राखून ठेवा.

हवेचा अंदाज घ्यायला माझा एक साधा हिशोब आहे. समोरच्यानं बिडी ओढली असती तर मला वास आला असता का? येत असेल तर त्याचा श्वासही माझ्यापर्यंत येतोय. बंद खोलीत तो वास माणूस निघून गेल्यावरही राहतो, उघड्यावर लगेच उडून जातो. ह्या एका हिशोबानं निम्मे निर्णय सोपे होतात.

आणि ह्याच हिशोबानं आपलं जुनं किराणा दुकान एसी मार्टपेक्षा बरं ठरतं. दुकानाचं तोंड रस्त्याला, गिऱ्हाईक पायरीखाली उभं, वरून वारा, सामान दुकानदार काढून देणार. मार्टमध्ये तुम्ही अर्धा तास बंद हवेत फिरणार आणि बिलाच्या रांगेत पुढं-मागं माणसं. तब्येत नाजूक असेल तर साथ असेपर्यंत मार्ट बंद ठेवा, दोन रुपये जास्त गेले तरी कोपऱ्यावरचं दुकान धरा.

कामांची यादी काढा अन् ती पेशंटनं स्वतः काढावी

हे मी मुद्दाम सांगतो. बऱ्याच घरात काय होतं की पोरं-सुना सगळं हातात घेतात, म्हाताऱ्या माणसाला एका खोलीत बसवतात आणि विचारतच नाहीत. मग दुपारी सगळे झोपले की बाबा गुपचूप तंबाखू नाहीतर भाजी आणायला चौकात जातात. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याच्या हातात यादी, फोन अन् पैशाचा कंट्रोल असला तर तो स्वतःच नियम पाळतो. माझी यादी मीच करतो, भाचा फक्त आणून देतो.

एका कागदावर महिन्याभरात घराबाहेरची जी जी कामं होतात ती सगळी लिहा. प्रत्येकापुढं लिहा की हे फोनवर होतं का, दुसरं कोणी करू शकतं का, का मलाच जावं लागतं. आपल्याकडं ज्वारी, गहू, तूर बऱ्याच घरात उन्हाळ्याच्या तोंडाला वर्षभराची भरलेली असते, गावाकडून पोती येतात, वाळवणं होतात. म्हणजे धान्याचा प्रश्न मोठा नाही. फेऱ्या होतात त्या औषध, भाजी, दळण, पाणी अन् पैसे ह्या पाच गोष्टींसाठी, म्हणून ह्याच पाचांवर डोकं लावायचं.

औषधं: इथं काही चुकलं तर महागात पडतं

घरात कायम एक महिन्याचा साठा जास्तीचा ठेवा. म्हणजे चालू महिन्याची पट्टी संपत आली की राखीववर भागवायचं नाही, नवीन मागवायची आणि आलेली नवीन राखीव ठेवून जुनी राखीव वापरायची, एक्सपायरी बघून. एकदम सहा महिन्यांचं भरू नका, डॉक्टरनं डोस बदलला तर सगळं वाया जातं आणि दुसऱ्या पेशंटला मिळत नाही. २०२० ला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लोकांनी विनाकारण भरून ठेवली अन् ल्यूपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार), संधिवाताच्या ज्या पेशंटना ती खरोखर रोज लागते त्यांना दारोदार फिरावं लागलं.

माझ्यासारख्यांची औषधं कोपऱ्यावरच्या मेडिकलला नसतात. मोठ्या शहरातून येतात, कुरिअरनं नाहीतर ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं, अन् लॉकडाऊनमध्ये एसटी-ट्रॅव्हल्स थांबल्या तेव्हा हाच रस्ता बंद झाला होता. म्हणून तीन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, आपल्या गावातला एक मेडिकलवाला पक्का करा जो दर महिन्याला तुमच्यासाठी औषध मागवेल, त्याला प्रिस्क्रिप्शनचा स्पष्ट फोटो देऊन ठेवा. दोन, दुसरा पर्याय म्हणून जिथं ऑपरेशन झालं किंवा जिथले डॉक्टर आहेत तिथल्या मेडिकलचा नंबर ठेवा. तीन, पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की ऑर्डर टाकायची, तीन दिवस उरल्यावर नाही.

आणि ब्रँड. टॅक्रोलिमससारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण फार बारीक हद्दीत ठेवावं लागतं, कंपनी बदलली तरी ते वर-खाली होऊ शकतं. मेडिकलवाला म्हणतो "साहेब कंटेंट सेम आहे, घेऊन जा", त्याचा हेतू चांगला असतो, पण पार्सल उघडल्या उघडल्या पट्टी जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघा, कंपनी, मिलिग्रॅम, दिवसातून एकदाची का दोनदाची. वेगळी असली तर डॉक्टरला फोन केल्याशिवाय तोंडात घालायची नाही. फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायची वॉरफरिन, ह्यांनाही हेच लागू.

इन्सुलिनवाल्यांसाठी मराठवाड्याचा उन्हाळा हीच मोठी अडचण. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री असते. दुपारी एकला डिलिव्हरीवाल्याच्या डिकीत ते भाजून निघतं. म्हणून सकाळी आठच्या आत किंवा अंधार पडल्यावर आणायला सांगा, सोबत थर्मास नाहीतर ओल्या कपड्यात गुंडाळलेला डबा द्या. बर्फाला थेट चिकटवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. वापरात असलेला पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालतो पण सावलीत, थंड जागी. लाईट गेली तर मातीच्या माठात रिकामी वाटी ठेवून तिच्यात कोरडं राहील असं ठेवा, आपल्या आज्या-पणज्यांनी लोणी असंच टिकवलं.

साध्या फॉलोअपसाठी दवाखान्यात तासभर बसायची गरज नसते. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम आले, तेव्हापासून व्हिडिओवर किंवा फोनवर दाखवून मिळालेलं प्रिस्क्रिप्शन कायदेशीर आहे. सरकारची ई-संजीवनी फुकट आहे, मोबाईलवरूनच डॉक्टर भेटतात. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून घेत असाल तर आशाताईंना विचारा, बऱ्याच ठिकाणी त्या घरी आणून देतात, निदान कधी गर्दी नसते ते तरी सांगतात.

रक्त तपासणी

लॅबवाल्याला घरी बोलवा, पण खोलीत नाही, ओट्यावर. खुर्ची बाहेर टाकायची, दोघांनी मास्क, पाच मिनिटांत काम होतं. टॅक्रोलिमसची लेव्हल करायची असेल तर सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं, रात्रीच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी, त्यामुळं "अकरा-साडेअकराला येतो" म्हणणाऱ्या पोराला आदल्या दिवशीच वेळ पक्की सांगा, नाहीतर रिपोर्टही चुकतो अन् गोळीचा वेळही.

किराणा अन् भाजी

किराणा महिन्यातून एकदा, यादी व्हॉट्सॲपवर टाकून. यादीत वजन लिहा, कंपनी लिहा, नसेल तर काय चालेल तेही लिहा, नाहीतर दहा फोन होतात. दुकानदाराला सांगायचं, "मामा, बांधून ठेवा, पोरगं फक्त उचलून नेईल." पैसे यूपीआयवर.

वेळ निवडताना गर्दीचा विचार करा. एप्रिल २०२१ मध्ये किराणा-भाजीला सकाळी ७ ते ११ एवढीच मुभा होती आणि सगळं गाव त्या चार तासांत रस्त्यावर यायचं, गंजगोलाईत (आमची मोठी बाजारपेठ) पाय ठेवायला जागा नसायची. असं परत झालं तर उघडल्या उघडल्या जा किंवा गल्लीत फिरणारी हातगाडी धरा. आठवडी बाजार नाजूक माणसानं टाळायचा. दुपारी दोनला दुकान रिकामं असतं खरं, पण मे महिन्यात हार्टच्या किंवा किडनीच्या पेशंटनं त्या उन्हात जाणं हे वेगळंच संकट ओढवून घेणं आहे, तिथं दुसऱ्याला पाठवा.

भाजी आठवड्यातून दोनदा पुरते, जर आणतानाच क्रम ठरवला तर. मेथी, पालक, कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत, मग वांगी, भेंडी, गवार, शेवटी दुधी, भोपळा, कांदा-बटाटा. मधल्या दिवसाला मटकी-मूग भिजवा, पिठलं आहेच. पण एक सांगतो, घरी बसलं की वाळवणाचे डबे उघडतात, पापड, खारवड्या, कुरडया, लोणचं. त्यात मीठ भरपूर असतं, बीपी, हार्ट अन् किडनीवाल्यांनी हात आवरावा. बाजारात "कमी सोडियमचं मीठ" म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीच्या पेशंटनं डॉक्टरला विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

रेशनसाठी पेशंटनं रांगेत उभं राहू नये. कार्डावर नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा चालतो.

दळण

गिरणीचं कोणाच्या ध्यानातच येत नाही. छोटी खोली, एक दार, पिठाची धूळ, मशीनच्या आवाजानं लोक जवळ येऊन मोठ्यानं बोलतात, आणि ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही म्हणून आठ-पंधरा दिवसाला जावंच लागतं. दमेकऱ्यानं तर साथ नसतानाही आत थांबू नये. डब्यावर नाव, काय दळायचं, बारीक का जाड अशी चिठ्ठी चिकटवा, सकाळी डबा ठेवून यायचा, संध्याकाळी उचलायचा. गिरणीवाल्याला दळणाचे पैसे महिन्याचे एकदम दिले तर तोही खूश. बाजरी-ज्वारी एकाच दिवशी दळून घ्या.

पाणी अन् गॅस

लातूरकरांना पाण्याचं सांगायला नको, २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे. टँकरची किंवा सार्वजनिक नळाची गर्दी ही साथीत फार वाईट, भांडणात मास्क खाली येतात. तिथं तब्येतीनं ठणठणीत माणूसच जाईल. जारवाला थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, त्याला दारातच जार ठेवायला सांगा. वीस लिटरचा जार उचलणारं घरात कोणी नसेल तर बाहेर स्टँडला नळवाली टाकी लावा, त्यानं तिथंच ओतावं.

गॅसचं बुकिंग मोबाईलवरून करा, पोचवताना ओटीपी मागतात तो आधीच शेजाऱ्याला नाहीतर घरातल्याला सांगून ठेवा. सिलेंडर आत लावून द्यायला माणूस आला तर पेशंट त्या वेळेला दुसऱ्या खोलीत किंवा गच्चीवर, खिडक्या उघड्या, पंखा चालू.

ह्या सगळ्या पोरांना आपण पाणी विचारतो, चहा विचारतो, ती आपली रीत आहे आणि ती मोडल्यासारखं वाटतं. ओट्यावर झाकलेला माठ अन् ओगराळं ठेवा, उन्हातून आलेलं लेकरू बाहेरच्या बाहेर पाणी पिऊन जाईल. त्यांची तब्येतही आपल्याएवढीच मोलाची आहे. आपण त्यांना दारात बोलावतो म्हणून ते दिवसभर शंभर दारांना जातात, तेव्हा त्यांच्यासाठी आपणही मास्क लावायचा.

पैसे अन् बँक

बँकेची शाखा म्हणजे एसी, बंद काचा अन् रांग. तिथं जाणं जवळजवळ पूर्ण टाळता येतं.

रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय की ७० च्या वरच्या आणि डॉक्टरी दाखला असलेल्या जुनाट आजाराच्या ग्राहकांना रोख पोचवणं-नेणं, केवायसीचे कागद, हयातीचा दाखला ह्या सोयी घरपोच द्याव्यात. शाखेत फोन करून "डोअरस्टेप बँकिंग" असा शब्द वापरून मागा, डॉक्टरचा दाखला तयार ठेवा. खेड्यात असाल तर पोस्टमन. आधार अन् अंगठ्यावर पोस्टमन घरी येऊन पैसे देतो, खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी. निराधार, श्रावणबाळच्या पैशासाठी म्हाताऱ्या बाया उन्हात बँकेपुढं बसतात, त्यांना हे कोणीतरी जाऊन सांगायला पाहिजे, तुमच्या गल्लीत असतील तर तुम्ही सांगा.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. जीवन प्रमाणचं ॲप मोबाईलच्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखून दाखला काढतं, नातवाला दहा मिनिटांचं काम. नाहीतर पोस्टमन आहेच.

जो तुमच्यासाठी बाजारात जातो त्याच्याकडं पैसे कसे द्यायचे हा नाजूक प्रश्न. एटीएमचा पिन देऊ नका, भाच्यालाही नाही. यूपीआय सर्कल नावाची सोय आहे, त्यात तुमच्या खात्यातून त्याच्या मोबाईलवरून पैसे देता येतात. एक तर प्रत्येक पेमेंटला मंजुरी तुम्ही द्यायची, नाहीतर महिन्याची मर्यादा ठरवून द्यायची. हिशोब दोघांच्या मोबाईलवर दिसतो, संशयाला जागा राहत नाही. आणि साथीत फसवणारे वाढतात, "पैसे यायचेत, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणलं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर ताबडतोब १९३० ला फोन.

लाईटबिल मोबाईलवरून भरा, एवढं पुरे.

बाहेर कोण जाणार

एकच माणूस ठरवा, आणि तो असा की जो दिवसभर गर्दीत नसतो. क्लासला जाणारं पोरगं, दुकानात बसणारा भाऊ, ह्यांच्यापेक्षा घरून काम करणारी सून किंवा शेजारचा रिटायर पण धट्टाकट्टा माणूस बरा. त्याला एन-९५ किंवा एफएफपी२ मास्क तुम्ही घेऊन द्या. भारतीय मास्कवर आयएस ९४७३ छापलेलं बघा, पुढं वाल्व असलेला घेऊ नका कारण त्यातून आपला श्वास तसाच बाहेर जातो. उन्हासाठी बांधतात तो रुमाल, गमछा, स्कार्फ ह्या कामाचा नाही. मास्क लावून जोरात श्वास सोडा, नाकाच्या बाजूनं वारा डोळ्यांना लागला तर पट्टी दाबा. दाढी असेल तर मास्क बसत नाही. एन-९५ धुवायचा नाही, चार-पाच आलटून पालटून कागदी पाकिटात ठेवायचे, घामानं ओला झाला किंवा इलॅस्टिक सैल पडलं की टाकून द्यायचा.

ह्या माणसाला सर्दी-घसा-ताप काहीही वाटलं तर त्यानं लगेच सांगायचं अन् दुसरा माणूस कामाला लागायचा. सांगितल्याबद्दल त्याला कोणी बोल लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो लपवतो.

तुम्हालाच जावं लागतं तेव्हा

डायलिसिस चुकवायचं नाही, केमो आपल्या मनानं पुढं ढकलायची नाही, गोळ्या "इम्युनिटी वाढावी म्हणून" बंद करायच्या नाहीत. हे सगळ्यात आधी.

खेड्यातून येताना खचाखच भरलेली काळीपिवळी टाळा. कोणाच्या मोटारसायकलवर मागं बसून या, नाहीतर दोन पेशंट मिळून रिक्षा ठरवा, दोन्ही बाजूंनी उघडी, ती चांगलीच. गाडी असेल तर काचा खाली. डायलिसिसला चार तास मास्क ठेवायचा, आणि तिथं खरी गडबड डब्याच्या वेळी होते, सगळे एकदम डबे उघडतात, मास्क एकदम खाली, गप्पा सुरू. निघायच्या आधी घरून खाऊन या, मधे काही लागलंच तर बाकीच्यांचं झाल्यावर थोडं खा. सिस्टरला सांगून खिडकीजवळचा बेड मागायला लाजू नका. ओपीडीला नंबर लावून बाहेर झाडाखाली थांबा, सोबत आलेल्यानं आत बसून नंबर आला की फोन करावा.

येताना "जाता जाता भाजी पण घेऊ" असं करू नका, थकलेलं शरीर असतं.

लग्न, वास्तुशांती, माती ही कामंच आहेत आपल्याकडं, न गेलं तर बोल लागतो. मी फोन करून सरळ सांगतो की माझ्या औषधामुळं येता येत नाही, साथ ओसरली की घरी येऊन भेटेन, आणि खरंच जातो. लोकांना कळतं.

तरीही लक्षणं आलीच तर

घरात थर्मामीटर अन् ऑक्सिमीटर ठेवा. नेलपॉलिश, मेंदी असेल तर दुसऱ्या बोटाला लावा. ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागली की वाट बघायची नाही, १०८. पण आमच्यासारख्यांनी आकडा घसरायच्याही आधी, पहिल्याच दिवशी टेस्ट करून आपल्या डॉक्टरला फोन करायचा, कारण कोविडच्या विषाणूवरची औषधं सुरुवातीच्या पाच दिवसांतच नीट उपयोगी पडतात. आणि जो कोणी तपासेल त्याला तुमच्या गोळ्यांची यादी दाखवा. पॅक्सलोव्हिड ह्या कोविडवरच्या गोळीतलं रिटोनावीर टॅक्रोलिमसची लेव्हल भयंकर वाढवतं, क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही वाढवतं, दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तुम्ही ट्रान्सप्लांटचे आहात हे सांगितल्याशिवाय कसं कळणार. म्हणून दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा: औषधांची यादी मोठ्या अक्षरात, शेवटचे रिपोर्ट, आधार, आयुष्मान कार्ड, पंधरा दिवसांच्या गोळ्या, चार्जर, दोन फोन नंबर कागदावर लिहिलेले.

सैल कधी करायचं

साथीचे आकडे खाली आले, आसपास तापाचे पेशंट दिसेनात, डॉक्टरनं हो म्हणलं की एकदम सगळं उघडू नका. आधी गल्लीतल्या हातगाडीवर स्वतः भाजी निवडा, त्यानं मन फार मोकळं होतं. मग सकाळी दुकानाच्या पायरीवर, मग ओळखीच्यांच्या ओट्यावर बसून चहा. मार्ट, बँक, मंगल कार्यालय शेवटी, तेही मास्क लावून. अन् एक महिन्याचा राखीव औषधाचा साठा मात्र साथ संपली तरी मोडू नका.